उतरवायचे अकरा किलो

टोपोला, २० डिसेंबर

देसांकाताईस,

धाकट्या वेलिमिरचा नमस्कार. (वाकून केलाय असं समज. प्रत्यक्षात वाकायला गेलं की पोट मध्ये येतं, आणि या पत्राचा विषय तेच पोट आहे.) तब्येत कशी आहे, असं आधी विचारायची रीत आहे म्हणून विचारतो, नाहीतर ती कशी आहे हे मला ठाऊक आहे. सोमवार, बुधवार, शुक्रवार चार-चार तास त्या यंत्राला जखडून घ्यायचं, दिवसाला तीन पेले पाणी मोजून प्यायचं, आणि फोनवर मला सांगायचं की छान चाललंय रे, इथल्या नर्सबाई फार गप्पिष्ट आहेत. इकडे तुझी भावजय रुझित्सा ठीक आहे. गुडघा दुखतो म्हणून दिवसभर कण्हते आणि बस म्हटलं की बसत नाही. मांजर मजेत आहे. मीही बरा आहे, खरं तर जरा जास्तच आहे.

हे सगळं फोनवर का सांगत नाही? कारण फोनवर तू "असू दे रे" म्हणतेस, मग मीही "असू दे" म्हणतो, आणि विषय तिथंच संपतो. कागद मात्र मध्येच समजूत घालत नाही, निमूटपणे ऐकून घेतो. सप्टेंबरात डॉक्टरांनी काय सांगितलं ते तुला पाठच असेल: रक्त जुळतं, किडनी जुळते, छप्पन्नाव्या वर्षीही हृदय ठणठणीत आहे, फक्त एकशे पाचचे चौऱ्याण्णव करून जानेवारीत या, म्हणजे फेब्रुवारीत ऑपरेशन. अकरा किलो. तू तेव्हापासून बारा वेळा फोन केलास आणि एकदाही वजनाचं विचारलं नाहीस. (त्यापेक्षा शिव्या घातल्या असत्यास तर बरं झालं असतं.) म्हणून आता न विचारता सांगतो.

पहिली चूक अशी झाली, की ती बातमी मी त्याच संध्याकाळी मिलुटिनच्या खाणावळीत सांगून टाकली. मिलुटिन आठवतो ना, तुझ्या वर्गात दोन वर्षं बसलेला? त्यानं हातातली सुरी खाली ठेवली आणि सगळ्या खाणावळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "अरे, हा बहिणीला स्वतःची किडनी देतोय! माणूस नव्हे रे, देवमाणूस!" आणि लोक उभे राहिले. ताई, एकतीस वर्षं मी नगरपालिकेत जन्ममृत्यूच्या नोंदीच्या खिडकीमागे बसतोय. अर्धं गाव मला फक्त मानेपासून वरचाच ओळखतं. माझ्यासाठी आजवर कोणी खुर्चीतून हललंही नव्हतं. त्या दिवशी हलले. मग प्रत्येकानं माझ्या नावानं पेला उचलला, आणि मिलुटिननं माझ्यापुढे भाजलेल्या डुकराची भली मोठी थाळी आणून ठेवली. म्हणाला, "खा. तुझ्या अंगात रक्त पाहिजे." देवमाणसानं खाल्लं.

तेव्हापासून गावात मी पुतळा झालोय. पाववाला एक पाव जास्त देतो, "बहिणीसाठी" म्हणून, आणि तो तुझ्यापर्यंत पोहोचत नाही हे उघडच आहे. शेजारीण दह्याचं भांडं कुंपणावरून सरकवते. द्यायचं ते अजून माझ्याच पोटात आहे आणि दिल्याचं कौतुक मात्र होऊन गेलंय. मला वाटतं, पुष्कळ लोकांचं इथंच घोडं अडतं. मिलुटिन गेली नऊ वर्षं सिगरेट सोडतोय. दर वेळी सोडल्याचं जाहीर करतो, लोक पाठ थोपटतात, आणि त्या आनंदात तो एक पेटवतो. पाठ थोपटून झाल्यावर माणसानं आणखी काय मिळवायचं?

तरी मी प्रयत्न केला, हे लिहून ठेव. पहाटे उठून ओप्लेनाच्या टेकडीवर चालत जायचं ठरवलं. पहिल्याच दिवशी चार गाड्या थांबल्या. आपल्या गावात विनाकारण चालणारा माणूस म्हणजे एक तर गाडी बिघडलेला, नाहीतर बायकोनं घराबाहेर काढलेला. "अहो वेलिमिर, बसा की, सोडतो!" नको म्हणावं तर त्यांना वाटायचं, याला आपल्या गाडीचा वास येतो की काय. चौथी गाडी पशुवैद्याची होती. त्यानं मला बळंच आत बसवलं, टेकडीवर सोडलं आणि खाली उतरेपर्यंत थांबून परत घरीही आणलं. वाटेत त्याच्या सासूनं दिलेली मक्याची भाकरी आम्ही दोघांनी मिळून संपवली.

आणि मग स्लावा सुरू झाल्या. तू इतकी वर्षं नोवी सादला आहेस, तिथं हे कदाचित इतकं कडक नसेल. ऑक्टोबरच्या अखेरीपासून डिसेंबरपर्यंत दर आठवड्याला कुणाच्या ना कुणाच्या घराण्याच्या संताचा दिवस. आमंत्रण नसतं, म्हणून नाकारताही येत नाही. गेलं नाही, तर वर्षभर तोंड चुकवत फिरावं लागतं. दारातच गोड गव्हाचा चमचा, तो तर संताचाच, त्याला कोण नाही म्हणेल? आणि तो गिळला की माणूस आत आला, आत आला की बसला, बसला की संपला.

मिखाएल देवदूताच्या दिवशी कोसाराकाकूकडे मी निश्चय करून गेलो होतो. आईची ही चुलत जाऊ आता त्र्याऐंशी वर्षांची आहे, पण हात अजून थरथरत नाही. मी म्हटलं, काकू, डॉक्टरांनी मना केलंय. ती म्हणाली, "डॉक्टर कुठाय? बोलाव त्याला, त्यालाही वाढते." मी म्हटलं, एकच सरमा द्या. तिनं कोबीच्या पानात गुंडाळलेले पाच सरमे वाढले आणि डोळ्याला रुमाल लावून म्हणाली, "तुझी आई वरून बघतेय. तिला काय सांगू, पोरगं माझ्या हातचं टाकून उठलं म्हणून?" आता आईला मध्ये आणल्यावर माणसानं काय करावं? पाच खाल्ले. सहावा तिनं आईच्या नावानं वाढला.

कालचा सेंट निकोलसचा दिवस तर नाताळापूर्वीच्या उपासातला. इथं मी डोकं चालवलं, आणि ते चालवायला नको होतं. मी हिशेब केला, की उपासाचं जेवण म्हणजे मांस नाही, दूध नाही, अंडं नाही, म्हणजे चरबी येणार कुठून? तेव्हा सात घरं केली तरी बिघडत नाही. सातही केली. तळलेला मासा उपासाला चालतो. तेलात निथळलेला भाजका राजमा चालतो. लोण्याशिवाय केलेला अक्रोडाचा केक चालतो. किती चालतो हे मात्र कुठल्याही पोथीत लिहिलेलं नाही. पाद्रीबाबा माझ्याच शेजारी बसले होते. त्यांनी दुसरा मासा घेतला आणि माझ्याकडे बघून मान डोलावली, तेव्हा मीही घेतला. आज सकाळी काट्यावर उभा राहिलो. एकशे चार. म्हणजे सप्टेंबरपासून एक किलो उतरलाय. (अभिनंदन कर.)

तर ताई, असं आहे. माणूस एकटा जाड होत नाही, त्याला गाव जाड करतं. बारीक मात्र एकट्यानंच व्हायचं असतं. ज्या दिवशी तुम्ही ताट सरकवता त्या दिवशी तुम्ही काकूला, आईला, संताला आणि अख्ख्या आळीला नाही म्हणता, आणि कशासाठी, तर काट्यावरच्या एका आकड्यासाठी. तो आकडा तर कुणाच्या घरी जेवायला येत नाही. यात माझा किती दोष आणि गावाचा किती, हे तूच ठरव. जानेवारीची तारीख पुढं ढकलून घ्यावी लागेल असं दिसतं. रुझित्साचा तुला नमस्कार. स्वतःला जप.

तुझा भाऊ,
वेलिमिर

ता. क. वरचं सगळं खरं आहे, आणि सगळं खोटं आहे. टेकडीची गोष्ट मी अर्धीच सांगितली. आठवड्याभरातच मला द्राक्षमळ्यांमागची वाट सापडली. तिथं गाड्या येत नाहीत. रोज दीड तास चालायचो. रात्री कोबीचं सूप. एकोणीस नोव्हेंबरला, म्हणजे काकूच्या स्लावाच्या दोन दिवस आधी, मी शहरातल्या इस्पितळात वजन करायला गेलो होतो. सत्त्याण्णव! काटा पाहून नर्सनं चक्क टाळी वाजवली. म्हणाली, "आणखी तीन, की लगेच तारीख लावू." बाहेर बसस्थानकावर आलो. समोरच्या दुकानातून चीज भरलेला, पापुद्र्यांचा बुरेक घेतला, तेल गळणारा, आणि उभ्यानं खाल्ला. मग आणखी एक घेतला. भूक नव्हती, ताई. काकू नव्हती, मिलुटिन नव्हता, कुणी "घे, घे" म्हणत नव्हतं. दुसराही संपवला. मनात एवढंच आलं, की चला, आता इतक्यात कोणी आपल्याला कापत नाही. त्यानंतर जे जे कुणी वाढलं, ते मी आनंदानं वाढून घेतलं. मला भूल देऊन झोपवतील आणि मी उठणारच नाही, या भीतीनं मी महिनाभर खातोय. हे रुझित्सालाही सांगितलेलं नाही. तुझं पाणी तू पेल्यानं मोजत होतीस तेव्हा मी हे करत होतो. मला लाज वाटते.

ता. क. २. हे पत्र तुला मंगळवारपर्यंत मिळेल. गुरुवारच्या बसनं मी तुझ्याकडे येतो. जानेवारी संपेपर्यंत मला राहू दे. तिथं मला कोणी ओळखत नाही, मी तिथं देवमाणूस नाही. तू पथ्याचं बेचव जेवण करतेस त्यातलंच मला वाढ, आणि जास्त मागितलं तर देऊ नकोस. शुक्रवारी मला त्या यंत्राच्या खोलीत ने. पावणेतीन वर्षांत मी तुला किती वेळा दारापर्यंत सोडलं, आणि दर वेळी गाडी लावायच्या निमित्तानं बाहेरच राहिलो. आता चार तास शेजारी बसायचंय. तुला भीती वाटते का, हे मी तुला कधीच विचारलं नाही, कारण तू हो म्हणाली असतीस तर मला माझी सांगावी लागली असती. आता माझी सांगून झाली आहे. तुझी सांग.