तात्यांच्या बांधावरची वाट

२ नोव्हें. २००३, रवि.
हात सोलवटलेत, पेन धरवत नाही. करंजाच्या रानाकडची वाट निम्मी झाली. रान सरकारी, म्हणजे सगळ्यांचं. पण आजवर वर जायचं तर ओढ्यातून, मुळ्या धरत. सरपणाला बायका जातात तशाच. म्हातारी माणसं आणि शेजारची मंदा खालूनच बघतात. मंदाचा डावा पाय लहानपणापासून लुळा. आज शिवणाचं हातमशीन बंद ठेवून दिवसभर दगड निवडत बसली होती. "पायऱ्या बुटक्या ठेवा," एवढंच म्हणाली.
वाट जाते तात्यांच्या बांधावरून. दुसरीकडून जागाच नाही. ह्यांनी जेवताना परत विचारलं, लिहून घेतलंस का. दुपारी विषय काढला होता मी. तात्या हसले. "लिवायचं काय त्यात बाई? मी हाय की." पुढे बोलायची लाज वाटली. आमच्या बौद्धवस्तीला आपणहून बांध देणारा माणूस, त्याच्यापुढे कागद कसा धरायचा.

२३ नोव्हें., रवि.
मंदा वर पोचली. दोनदा बसली, हात धरू दिला नाही. वर सावलीत बसून खाली बघत म्हणाली, "बाई, माझं घर केवढुसं दिसतंय." एकेचाळीस वर्षं ह्या गावात काढली तिनं. तात्याही आले काठी टेकत. भेळ खाल्ली सगळ्यांनी. शाळेत पंधरा वर्षं शिकवतेय, पण गावात आपलं काही काम झालं असं आज पहिल्यांदा वाटलं.

११ डिसें., गुरु.
तात्यांना लकवा. सकाळी गोठ्यात पडले. मंचरला नेलंय. उजवी बाजू गेली, वाचा गेली. माणसं ओळखतात म्हणे.
ऐकल्याबरोबर माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते कागदाचं. शरम वाटली. तरी आलंच.

४ जाने. २००४, रवि.
बांधावर बाभळीच्या काट्या. मागे तार. खालच्या तीन पायऱ्या उकरून दगड बाजूला रचलेत. नीट रचलेत, तेच जास्त लागलं.
मंदा काठी घेऊन निघाली होती. कुंपणापाशी उभी राहिली, परत गेली. मला हाक नाही मारली.

६ जाने., मंगळ.
तात्यांच्या मुलाकडे, दिलीपकडे गेले. ओसरीवर तात्या खाटेवर. दिलीप सरळ बोलला. "बाई, तुमी आमच्या पोरांच्या बाई, तुमचा मान हाय. पण उसात बिबट्या हिंडतोय. उद्या कुणाला धरलं तर नाव माझं. आन् वस्तीची सगळी वर्दळ आमच्याच रानातनं का?"
वस्तीची. गावाची नाही म्हणाला. दगड तर अख्ख्या गावानं वाहिले होते.
तात्यांनी शब्द दिलाय, म्हटलं. "मग त्यांनाच इचारा." हे बोलून त्यालाच कसंतरी झालं असावं. खाली बघत राहिला. मीही.

१९ जाने., सोम.
घोडेगाव. तहसिलीत अर्ज दिला. सहा जण येणार होते, ऐन वेळी सगळ्यांना कामं निघाली. मी आणि हे, दोघंच. कारकुनानं नीट ऐकून घेतलं, मग विचारलं, "लेखी काय आहे?" काही नाही. "मालक आहेत ना अजून? संमतीपत्रावर अंगठा असला तरी चालेल." १२ फेब्रु. तारीख दिली.
गाडीत ह्यांनी अर्जाची पोच घडी करून माझ्या पर्समध्ये ठेवली.

५ फेब्रु., गुरु.
शाळा सुटल्यावर दिलीपची बायको शोभा व्हरांड्यात थांबलेली. "मामंजी दिसभर बांधाकडं बघत्यात. हात हलवत्यात. काय म्हनायचंय कळत न्हाई. उद्या हे मंचरला लग्नाला जानार. वाटलं तर या. माझं नाव घेऊ नका."

६ फेब्रु., शुक्र.
अर्धी रजा टाकली. पर्समध्ये संमतीपत्र आणि शाळेचं शाईचं पॅड.
तात्यांनी ओळखलं. डोळ्यांत पाणी. लकव्यात येतंच म्हणतात. कागद वाचून दाखवला. "तात्या, वाट द्यायची ना?" मान हलली. एवढं हलकं वाटलं मला. मग काय सुचलं, विचारलं, "की बंदच ठेवायची?" मान हलली. तशीच. परत विचारलं, उलटंसुलटं करून. तशीच.
शोभा मुद्दाम आत गेली होती. पॅड उघडलेलं. तात्यांचा डावा अंगठा माझ्या बोटांत, गरम. फक्त दाबायचं बाकी.
नाही झालं माझ्याच्यानं. कागद घडी करून ठेवला. निघताना त्यांनी पदर धरला. सोडवून घ्यावा लागला.
सचोटी म्हणावी की दिलीपची भीती, घरी येईपर्यंत ठरवता आलं नाही. अजून नाही.

८ फेब्रु., रवि.
मंदाला सांगितलं सगळं. मशीन थांबवून ऐकलं तिनं.
"ते हो म्हनत असतील तर?"
"असतील."
"मग?"
तिनं सुईत दोरा ओवला. "तुमी चुकीचं न्हाई केलं बाई. तुमचं मन साफ ऱ्हायलं. मी तेवढी खाली ऱ्हायले."
रागानं नाही म्हणाली. रागानं म्हणाली असती तर भांडता तरी आलं असतं.

११ फेब्रु., बुध.
सह्यांचा कागद गावात फिरवला. पाच सह्या, त्यातली एक माझी, एक ह्यांची. बाकीचे म्हणाले, बाई, तात्यांचं असं झालेलं, आत्ता कुठं वाद. खरं आहे तेही. उद्या त्याच घरी त्यांना उसाच्या कामाला जायचंय.
हे म्हणतात, हजर तरी राहा, नाहीतर अर्ज निकाली काढतील.
मंदाचा निरोप आलाय, तीही येतेय. तिला तहसीलदारसाहेबांना काहीतरी सांगायचंय. काय, ते मला सांगत नाही. तिनं येऊ नये असं वाटतंय. तिला तिथं बाकावर बसवून ठेवतील, आणि संध्याकाळी मलाच तिला परत आणावं लागेल. पण नको येऊस म्हणायचा मला काय हक्क.
गाडी सातची.