आईच्या खोलीचा फोटो

४ नोव्हेंबर

चि. छोटे सरकार यांस,
अ. उ. आ.

तुझ्या प्रदर्शनाचं आमंत्रण पोचलं. कागद इतका जाड, की बाबांना आधी ते कुणाच्या लग्नाचंच वाटलं. चाळीस वर्षांची कारकीर्द म्हणे! तू पहिला कॅमेरा आणलास तेव्हा आपल्या घराण्याने फोटो काढून घ्यायचे असतात, काढायचे नसतात, असं बाबांनी सुनावलं होतं. आता तेच येणाऱ्या-जाणाऱ्याला हे आमंत्रण दाखवतात.

आता कामाचं. आईला जाऊन आठ महिने झाले आणि बाबांना तिचा चेहरा आठवेनासा झाला आहे. बाकीही बरंच विसरतात, पण त्याचं त्यांना काही वाटत नाही. हे मात्र त्यांना कळतं आणि त्यांचा जीव कासावीस होतो. रोज सकाळी मला विचारतात की ती दिसायची कशी. मी सांगते, ते मान हलवतात आणि दुपारी पुन्हा विचारतात. लग्नातला फोटो दाखवला, तर म्हणाले की ही कुठली पोरगी, आमची तर पांढऱ्या केसांची होती. घरात तिचा दुसरा फोटो नाही. घरचाच फोटोग्राफर असताना बाहेरच्याला कोण बोलावणार? तू इथे येऊन एवढे फोटो काढलेस, त्यांतला आईचा एक मोठा करून पाठव. तू जगभरच्या बड्या बायकांना देखणं केलंस, आपली आई तर मुळातच देखणी होती.

जेवणाकडे लक्ष दे. माया आहेच, ती वाढती राहू दे.

तुझी ताई


१५ नोव्हेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. प्रदर्शनाच्या गडबडीत श्वास घ्यायला फुरसत नाही, अजून वीस चौकटी भिंतींवर चढायच्या आहेत. सोबत आपल्या घराचे अकरा फोटो पाठवतो. आईची खोली, जिना, जेवणघर, तिचं कपाट, सगळं आहे. बाबांना बरं वाटेल. खुद्द आईचा फोटो शोधावा लागेल, वेळ मिळताच बघतो.

बाबांना साष्टांग नमस्कार. रागावू नये, लोभ राखावा.

धाकटा


२४ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

अरे, कपाट काय पाठवतोस? कपाट इथेच आहे, रोज मला त्याची ठेच लागते. बाबांनी अकराही फोटो भिंग लावून पाहिले. जिन्याचा तर उलटा करून मागूनही पाहिला. शेवटी विचारलं की ती दर वेळी खोलीबाहेरच कशी गेलेली असायची.

शोधतो म्हणून तू वेळ मारून नेतो आहेस. लहानपणीही खोटं लिहिताना तुझ्या ओळी अशाच वर चढायच्या. फोटो आहे की नाही, एवढं सरळ लिही.

चिडलेली, तरी तुझीच,
ताई


३ डिसेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

नाही.

आता सगळं लिहितो. घरांच्या आतले फोटो काढताना माझा एकच कडक नियम असतो, खोलीतून माणसं बाहेर. माणूस असला की बघणाऱ्याची नजर त्याच्यावरच जाते आणि खोली राहून जाते. भल्याभल्यांना मी त्यांच्याच दिवाणखान्यातून उठवलं आहे. आईला तर सांगावंही लागायचं नाही. मी कॅमेऱ्याची तिपाई उघडली की ती विणकाम उचलून बाहेर जायची. जाताना कधीतरी म्हणायची की माझाही काढ की एकदा. मी म्हणायचो, तू काय घरचीच, तुझा केव्हाही काढता येईल.

एकदाच ती बसून राहिली. तिच्या खोलीत खुर्चीवर ऊन दहाच मिनिटं येतं, तुला माहीत आहे. त्या दिवशी तिने केस नीट विंचरले होते, मोत्यांची माळ घातली होती. मी तिचाच फोटो काढणार असं तिला वाटलं होतं. मला ते कळलं, ताई. पण उजेड जाईल म्हणून मी काही बोललो नाही. अंदाजापुरता एक काढला, मग तिला उठवलं, आणि तेवढ्यात ढग आला. घरांच्या फोटोंचं माझं पहिलं पुस्तक निघत होतं, त्याला तोच उजेड हवा होता. दोन दिवस बसून मी निगेटिव्हवरची आई पात्याने खरवडून काढली आणि तिच्या जागी खुर्चीची पाठ पेन्सिलीने भरली. इतकं सफाईचं काम पुन्हा माझ्या हातून झालं नाही. तोच फोटो मुखपृष्ठावर आला, त्यानेच माझं नाव झालं. तुला पाठवलेल्या अकरांतला पहिला तोच.

पुस्तक आईच्या हातात दिलं, तेव्हा तिने चष्मा लावून पुष्कळ वेळ पाहिलं. खुर्ची छान आली आहे, एवढंच म्हणाली. माळेबद्दल चकार शब्द काढला नाही. ती गेल्यापासून मी एकेक पेटी उपसतो आहे. तिचा दुसरा फोटो नाही. प्रदर्शनात तोच सर्वांत मोठा लावला आहे आणि मला त्याच्यासमोर उभं राहवत नाही. बाबांना काय सांगायचं ते तूच ठरव.

लोभ मागायला तोंड नाही, तरी मागतो.

धाकटा


१४ डिसेंबर

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

दोन दिवस तुझ्याशी मनातल्या मनात कडाकडा भांडले. मग रडले. त्या माळेचं मला माहीत होतं. दोरा कच्चा झाला म्हणून आदल्या दिवशी आईने ती माझ्याकडून नव्याने ओवून घेतली होती. त्याला सांगू नकोस, तो कामात असतो, असं वर बजावलंही होतं.

बाबांपासून हे लपवायचं मी ठरवलं होतं. पण काल ते नेमका तोच फोटो घेऊन बसले आणि विचारायला लागले की ही गेली तरी कुठे. माझ्याने खोटं बोलवेना. सांगून टाकलं की आई या खुर्चीवर बसली होती, धाकट्याने तिला फोटोतून काढलं. वाटलं, आता घर डोक्यावर घेतील. पण कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता इतका त्यांचा चेहरा खुलला. म्हणाले, म्हणजे त्याच्याच हातचं काम आहे तर. मग त्याला लिही की तिला परत बसव. घाई नाही म्हणावं, सवडीने कर.

फोटो त्यांनी स्वतः दोन पुठ्ठ्यांमध्ये बांधून दिला आहे, तो सोबत पाठवते. बांधताना मला दोरीला हात लावू दिला नाही. मी हे तुला टोचायला लिहीत नाही रे. त्यांनी सांगितलं तसं लिहिते.

माझा लोभ कमी झालेला नाही. फोटो पोचल्याचं तेवढं लगेच कळव. टपालाची वेळ झाली की बाबा दाराशी येऊन बसतात.

तुझी ताई