गाठीचं मुद्रितशोधन

३ मार्च.
आतड्यात गाठ निघाली. कर्करोगाची, पण लहान. ऑपरेशन २४ तारखेला. घाबरलो अजिबात नाही. चहात साखर दोनदा घातली, ती आपली सहज.

५ मार्च, सकाळी ११.
पुतणी लॅबमध्ये मायक्रोआरएनएवर काम करते. फोनवर तासभर समजावलं. जीन म्हणजे मूळ प्रत. तिच्यावरून चिठ्ठी निघते, चिठ्ठी वाचून पेशी प्रोटीन बनवते. मायक्रोआरएनए हा चिमुकला तुकडा वाटेतच चिठ्ठीला चिकटतो, की प्रोटीन बंद! म्हटलं, अगं, हा तर मुद्रितशोधक! छापखान्यात चाळीस वर्षं मी दुसरं काय केलं? ती म्हणाली, अगदी बरोबर, काका. पुढेही बरंच बोलली. मुद्दा माझ्या आधीच लक्षात आला होता.

६ मार्च.
प्रोटीन बंद, तर गाठ बंद. अंडी, दूध, मासे, कडधान्यं यांवर आजपासून काट. ऑपरेशन आपोआप रद्द. सर्जनला इतक्यात सांगायला नको, बिचाऱ्याचा हिरमोड होईल.

१० मार्च.
हिने उकडलेलं अंडं पुढ्यात ठेवलं. म्हटलं, संशोधन चालू आहे. ही म्हणाली, संशोधन कसलं डोंबलाचं, उपास म्हणा. अंडं गुपचूप मांजराला.

१५ मार्च.
वजन तीन किलो कमी. यात गाठीचं किती, पुतणीला विचारायला हवं. मांजर तुकतुकीत दिसतंय.
जिन्यात मध्येच बसलो. खालच्या शिंप्याने विचारलं, काय झालं? म्हटलं, चिंतन. त्याने चिंतनासकट उचलून वर आणलं.

१९ मार्च.
पुतणी आली. माझं तोंड पाहून हिच्याकडे बघितलं. हिने मांजराकडे बोट दाखवलं. बिंग फुटलं. पुतणी कडाडली, काका, ताटातलं प्रोटीन वेगळं, पेशीतलं वेगळं! शिवाय सगळे मायक्रोआरएनए साधुसंत नसतात. काही गाठ वाढवणारं प्रोटीन अडवतात, काही उलट राखणदार प्रोटीनच खोडतात. पहिले बाहेरून पुरवायचे, दुसऱ्यांची तोंडं बांधायची, अशा औषधांच्या चाचण्या चालू आहेत. पण तुमची गाठ त्यासाठी थांबणार नाही. हे सगळं त्या दिवशीही सांगितलं होतं म्हणे. फोनला खरखर असावी.

२२ मार्च.
सर्जनने रक्त तपासलं. प्रोटीन कमी. म्हणे, आत्ता कापलं तर जखम भरायची नाही. ऑपरेशन पंधरा दिवस पुढे. म्हटलं, बघ, रद्द नाही तरी लांबलं की नाही! ही हसली नाही. घरी येईपर्यंत माझा हात सोडला नाही.

२३ मार्च.
चार अंडी. हिने समोर बसून खायला लावली. मांजर माझ्याशी बोलत नाही.
ऑपरेशनची भीती पहिल्या दिवसापासून वाटते.
वरचं वाक्य गाळावं.
नको. राहू दे.