दुसऱ्या व चौथ्या शनिवारच्या भेटीबाबत

प्रति,
मा. प्रबंधक साहेब,
कौटुंबिक न्यायालय.

विषय : न्यायालयाला सुट्टी असलेल्या दिवशी न्यायालयातच मुलीला भेटण्याचा आदेश पाळताना येत असलेल्या अडचणीबाबत (अर्ज चौथा).

संदर्भ : १) मुलीच्या ताब्याचा व भेटीचा आदेश. २) अर्जदाराचे यापूर्वीचे तीन अर्ज. ३) आपले पत्र, "वडिलांच्या अनास्थेबाबत".

महोदय,

१) सदर अर्जदार लिफ्ट दुरुस्त करण्याचे काम करतो. आदेशात त्याचा उल्लेख "वडील" असा आणि आपल्या पत्रात "अनास्था असलेले वडील" असा आहे. पैकी पहिल्याबद्दल त्याची काही तक्रार नाही.

२) अर्जदार व गैरअर्जदार, म्हणजे बबडीची आई, यांचे पटेनासे झाले. त्यात दोष कोणाचा हे न्यायालयाने ठरवलेले नाही व अर्जदारालाही अजून ठरवता आलेले नाही. चार वर्षांची बबडी आईकडे राहील आणि वडील तिला महिन्यातून दोनदा, सकाळी अकरा ते एक, न्यायालयाच्या बालभेट कक्षात समुपदेशक बाईंसमोर भेटतील, एवढे दोघांनी राजीखुशीने मान्य केले. घोडे अडले ते वारावर. अर्जदाराच्या पाळ्या, गैरअर्जदाराची दवाखान्यातली नोकरी, यांतून दोघांची सुट्टी जुळेना. शेवटी दुसरा व चौथा शनिवार निघाला. लग्नाच्या सात वर्षांत दोघांचे इतक्या पटकन एकमत कधी झाले नव्हते. दोन्ही वकिलांनी माना डोलावल्या, समुपदेशक बाईंनी अभिनंदन केले, न्यायाधीश महोदयांनी सही केली. त्या दिवशी न्यायालयालाही सुट्टी असते, हे खोलीतल्या सहा जणांपैकी एकाच्याही डोक्यात आले नाही. आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणाऱ्यांत आपण होतो, हे अर्जदार कबूल करतो.

३) पहिल्या शनिवारी फाटकाला कुलूप होते. वॉचमनकाका म्हणाले, "आज सुट्टी. सोमवारी या." मग तिघेही फाटकाबाहेरच थांबले, बबडी अर्जदाराच्या खांद्यावर बसली आणि तो दिवस बरा गेला. हे गैरअर्जदाराच्या वकिलांच्या कानावर गेले. त्यांनी तिला बजावले की कक्षाबाहेर मूल हाती दिले तर आदेशाचा भंग, आणि शनिवारी मूल आणलेच नाही तरी आदेशाचा भंग. बिचारीची इकडे आड, तिकडे विहीर. तेव्हापासून ती अकराच्या ठोक्याला येते आणि एक वाजेपर्यंत पलीकडच्या फुटपाथवर औषधांच्या दुकानापाशी बबडीचा हात धरून उभी राहते. अर्जदार फाटकापाशी उभा राहतो. बबडी हात हलवते, अर्जदार हात हलवतो. मध्ये बस आली की दोघांनाही दिसत नाही. एकदा गैरअर्जदाराने पलीकडून ओरडून विचारले, "अर्जांचं काही कळलं का रे?" अर्जदाराने नकारार्थी मान हलवली. दोन तास हात हलवणे हे ऐकायला वाटते तितके सोपे काम नाही.

४) भेटीची नोंदवही कक्षात आणि कक्ष कुलपात, सबब अर्जदार दर खेपेस "गैरहजर". वार बदलून मिळावा असा पहिला अर्ज केला. तीन भेटी यशस्वीपणे पार पडल्याशिवाय वार बदलण्याचा विचार होत नाही, असे उत्तर आले. मग तीन भेटींपुरता कक्ष उघडावा, असा दुसरा अर्ज केला. सुट्टीत कक्ष उघडण्यास न्यायाधीश महोदयांचा आदेश लागतो, असे उत्तर आले. तिसरा अर्ज वकिलांमार्फत थेट त्यांच्याकडेच केला. त्याला चार महिन्यांनंतरची तारीख मिळाली. ती शनिवारची नाही, एवढे अर्जदाराने पाहून घेतले आहे.

५) याच महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आपल्या इमारतीची लिफ्ट दुरुस्त करायला कंपनीने नेमके अर्जदारालाच पाठवले. दहा चाळीसला फाटक उघडले. अर्जदाराला आभाळ ठेंगणे झाले. अकरा वाजता मायलेकींनाही आत सोडा, अशी त्याने काकांना विनवणी केली. काका म्हणाले, "पासवर एक मिस्त्री लिहिलंय. बायको-पोर नाही लिहिलेलं. माझी नोकरी जाईल." त्यांचेही खरे होते. दुसऱ्या मजल्यावर कक्षाच्या काचेतून नोंदवही टेबलावर उघडी पडलेली दिसली. जिन्याच्या खिडकीतून बबडी दिसली. ती फाटकाकडे बघत होती आणि फाटकाशी कोणी नव्हते. लिफ्ट उघडी टाकून खाली जाता येत नव्हते. अर्जदाराने काच वाजवली, हाका मारल्या, पण तिने वर पाहिले नाही. एक वाजता ती रडत रडत गेली. लिफ्ट त्यानंतर वीस मिनिटांनी सुरू झाली व उत्तम चालते आहे.

यावर आपले पत्र आले : "फाटकावरील नोंदीनुसार वडील १०.४० ते १.२० आवारात हजर असूनही त्यांनी भेट घेतली नाही. यावरून अनास्था सिद्ध होते." अकरा शनिवारांत अर्जदाराची एकदाच हजेरी लागली, तीही त्याच्याविरुद्ध. याला तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, महोदय. अर्जदाराला फार वाईट वाटले.

६) गैरअर्जदाराला दुसऱ्या शहरात बढती मिळाली आहे. वडिलांना मुलीत रस नाही या कारणावरून बबडीला तिकडे नेण्याची परवानगीही मिळाली. ही मात्र चार दिवसांत मिळाली. गैरअर्जदार फोनवर म्हणाली, "मी नाही रे असं लिहून दिलं, ते कोर्टाच्या पत्रातच होतं." अर्जदाराचा तिच्यावर विश्वास आहे. सोमवारी त्या दोघी जातील. परवाचा चौथा शनिवार शेवटचा.

७) सबब अर्जदार आता वार बदलून मागत नाही, कक्ष उघडा असेही म्हणत नाही. बबडी चार वर्षांची आहे. या वयातले पुढे काही आठवत नाही. अर्जदाराने स्वतःच्या आईला विचारले, तर ती म्हणाली, "तुला कुठलं आठवतंय? बाबा तुला रोज खांद्यावरून फिरवायचे." अर्जदाराला ते खरोखरच आठवत नाही, पण सांगायला आई आहे. बबडीला सांगायला ही फाईल असेल. मोठी झाल्यावर ती कधीतरी ती मागवील आणि त्यात अकरा वेळा वाचेल की वडील आले नाहीत. तरी त्या फाईलमध्ये कोठेही, समासात चालेल, पेन्सिलीने चालेल, एवढी नोंद घ्यावी : वडील आले होते.

खात्री करावयाची असल्यास परवा अकरा ते एक कोणालाही पाठवावे. अर्जदार फाटकाशी असेल.

आपला नम्र,
(सही)
अर्जदार, बबडीचे वडील

गुरुवार, दि. २३

सोबत :
१) आदेशाची प्रत
२) आधीच्या तीन अर्जांच्या पोचपावत्या
३) फाटकाचा पास, "काम : लिफ्ट"
४) बबडीचा फोटो, रस्त्याच्या अलीकडून काढलेला (एकच प्रत आहे, परत मिळावी)