खोडरबरने पुसलेली माणसं

ती. ताई,

नमस्कार, तुला आणि तुझ्या कुरकुरणाऱ्या गुडघ्यालाही. इथे परक्या देशातही मी ठणठणीत आहे, लेक-जावईही मजेत.

नातीला शाळेत स्वतःचं कुटुंब काढायला सांगितलं. पोरीने नऊ माणसं काढली, त्यात काठीसकट तू. बाईंनी तिच्या हातात खोडरबर ठेवला. म्हणे, "फक्त खरं कुटुंब काढ."

मी तडक शाळेत गेले. बाईंच्या डोक्यामागे भिंतीवर प्रमाणपत्र होतं: परदेशी मुलांना समजून घेण्याचं, दोन दिवसांत मिळालेलं!

"तुमच्या संस्कृतीबद्दल मला फार आदर आहे," बाई म्हणाल्या.

"आदर राहू द्या, माझी बहीण परत काढू द्या."

बाई गोड हसल्या. असलं हसू दुकानातल्या बाहुल्यांच्या तोंडावर असतं. आपल्या कॉन्व्हेंटातल्या सिस्टर हातावर पट्टी मारायच्या, पण आपलं कोण नि परकं कोण, हे त्यांनी कधी ठरवलं नाही.

तुला परत काढायची परवानगी मिळाली. पण काल नातीने नव्या चित्रात तिघंच काढली: आई, बाबा आणि ती स्वतः. मी विचारलं, "आणि मी?"

"आजी, तू तर पाहुणी आहेस ना?"

लेकीला मी हे सांगितलेलं नाही. माझ्या परतीला महिनाच उरलाय. तू पोरीला रोज फोन कर. लाडाने बोलू नकोस, चांगली दटाव. पाहुणे दटावत नाहीत.

तुझी,
धाकटी