पुढच्या रांगेतली पोती

ता. ९ मार्च

प्रिय धाकटे,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. मी बरा आहे. गुडघे कुरकुरतात, दातांनी एकेक करून रजा घेतली. जीभ तेवढी शाबूत आहे, असं सूनबाई म्हणते. तुझा खोकला कसा आहे? गरम पाणी पीत जा, हट्टीपणा पुरे.

तुझी नात दुष्काळाच्या आठवणींचं पुस्तक करतेय, हे वाचून बरं वाटलं. पण "माझ्या दादाने आम्हाला जगवलं, त्यालाच विचार," असं तू तिला सांगितलंस, तिथे मी पत्र मिटून ठेवलं. चार दिवस नुसता कागद पुढ्यात घेऊन बसतोय.

पाऊस दोन वर्षं नव्हता, खरं आहे. पण माणसं पटापट गेली ती एकाच महिन्यात. का, ते मला ठाऊक आहे.

सरकारी गोदामात तेव्हा माझं काम धान्य तपासायचं. परखी म्हणजे टोकदार पोकळ नळी. ती पोत्यात खुपसून मूठभर दाणे काढायचे. नियम असा, की शिडी लावून थप्पीच्या वरच्या, मधल्या, मागच्या, सगळ्या पोत्यांतून काढायचे. मी हाताला येतील ती पुढचीच टोचायचो. मुकादम म्हणायचा, "धान्यच बघतोयस ना? जावई शोधायचा नाहीये." मी हसायचो आणि "साठा उत्तम" लिहून सही ठोकायचो.

त्या कागदावर विसंबून वरच्यांनी आपल्याकडे यायचं नवं धान्य दुसरीकडे वळवलं. मग टंचाईत गोदाम उघडलं. पुढची रांग हलवली, तर मागे सगळं काळं. छप्पर गळून पोतीच्या पोती कुजली होती, धान्याची ढेकळं झाली होती. नवं धान्य यायला पाच आठवडे लागले. तोवर लोकांनी ती ढेकळं धुऊन शिजवली.

तूही शिजवलीस. तुझ्या चिमणीला ओकाऱ्या लागल्या त्या त्यानेच गं. साथ नव्हती ती. साथ म्हणून मीच तुला सांगितलं होतं.

ती गेल्यावर तिसऱ्या दिवशी मी चांगल्या धान्याची पिशवी घेऊन आलो. पुढच्या रांगेतलंच ते. तू माझे पाय धरलेस. तेव्हा बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "रडू नकोस, आधी दोन घास खा."

तुझ्या हातात दोष नव्हता. शिजवलंस ते माझ्या सहीचं होतं. इतकी वर्षं तू "मीच नीट धुतलं नसेल" म्हणत आलीस, आणि मी शेजारी बसून ऐकत आलो.

नातीला हे वाचून दाखव. माझी लाज राखायला म्हणून एक ओळही गाळू नकोस. पुस्तकात "जगवलं" हा शब्द माझ्यासाठी नको.

पुढच्या महिन्यात ये म्हणतेस. हे वाचल्यावर पुन्हा बोलावलंस तरच येईन. नाही बोलावलंस तरी खोकल्याचं तेवढं कळव.

चिमणीचा मामा