नऊ पांढऱ्या नळ्या

वीजकेंद्र, डोंगरावरून
मंगळवार, ४ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

मी पोचले. मी वर आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी रस्ता दरडीखाली गेला, त्यामुळे आता महिनाभर खाली उतरायचा प्रश्न नाही. दरड माझ्यामागे पडली, माझ्यावर नाही, तेव्हा काळजी नको. मोबाइलला रेंज नाही. केंद्रात एक फोन आहे, तो फक्त पायथ्याच्या ऑपरेटरशी बोलतो. दूध, बोल्ट आणि टपाल तारेवरच्या मालवाहू पाळण्यातून येतं, मंगळवारी आणि शुक्रवारी. म्हणून हे पत्र. बाबांना तसाही फोन ऐकू येत नाही. तीस वर्षं बॉयलरपाशी उभं राहिल्यावर कान उरतात कुठे! त्यांना हे वाचायला दे.

निघायच्या आदल्या दिवशी तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर एक फाइल पाठवली आहे. गेल्या महिन्यात तुमच्या कारखान्याचा बॉयलर बंद होता तेव्हा मी त्याच्या दोनशे चाळीस नळ्यांची जाडी मोजली, त्याचा तक्ता. मोजताना नुसते आकडे दिसतात. कुठली नळी किती झिजेपर्यंत चालते हे गणित नंतर करावं लागतं, ते केलं आहे. सह्यांचा अहवाल यायला महिना लागेल, म्हणून तक्ता आधी. छापून बॉयलरघरात लाव.

आकडे बारीक आहेत. बाबांना चष्मा शोधत बसायला लागू नये म्हणून प्रत्येक नळीचा चौकोन रंगवला आहे. हिरवा म्हणजे ठीक. पिवळा म्हणजे पुढच्या वर्षी बघू. नारिंगी म्हणजे दर तीन महिन्यांनी मोजायची. लाल म्हणजे ती नळी बदलल्याशिवाय भट्टी पेटवायची नाही. तक्त्याखालीही हे शब्दांत लिहिलं आहे. रंग मी बाबांसाठी केले, पण आमच्या तपासणी कंपनीच्या साहेबांना ते इतके आवडले की याच साच्यात आणखी चौदा बॉयलरांचे तक्ते चौदा ऑफिसांत गेले.

कुठला रंग किती नळ्यांना आहे ते इथे लिहीत नाही. तक्त्यात आहेच.

लोभ मोजत नाही, आहे तेवढा राहू दे.

तुझी,
मोजपट्टी


घरून
शनिवार, ८ फेब्रुवारी

चि. मोजपट्टीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र काल मिळालं. दादाने ते दोनदा वाचलं आणि मग मला विचारलं की पोरीने जेवणाखाण्याचं काही का लिहिलं नाही. मी कागदावर लिहून दाखवलं की बोल्ट आणि दूध येतं म्हणते, त्यातलं काहीतरी खात असेल. हसला.

तुझी फाइल उघडली हो! तुम्हा नव्या लोकांच्या फाइली आमच्या म्हाताऱ्या कॉम्प्युटरला पूर्वी ओळखीच्याच वाटत नसत, नुसत्या ठिपक्यांची रांगोळी दिसायची. गेल्या वर्षी दुरुस्तीवाल्याने एक सीडी घालून काहीतरी बसवून दिलं, तेव्हापासून उघडतात. उघडताना मध्येच पिवळ्या त्रिकोणाची एक चौकट येते आणि काहीबाही लांबलचक विचारते. मी हो म्हणते. गेलं वर्षभर तो कॉम्प्युटर विचारतोय आणि मी हो म्हणतेय, इतका सुखाचा संसार मी दुसरा पाहिला नाही.

कारखान्याच्या साहेबांच्या खोलीतल्या रंगीत प्रिंटरवर छापून घेतलं. आकडे मुंगीएवढे, पण रंग काय सुरेख! दोनशे सात हिरवे, अठरा पिवळे, सहा नारिंगी. लाल एकसुद्धा नाही! मी चष्मा लावून, काढून, दोन्हीकडून पाहिलं. साहेब म्हणाले की अशी तपासणी त्यांच्या कारकिर्दीत झाली नव्हती, आणि लगेच भट्टी पेटवायला सांगितलं. गुरुवारपासून बॉयलर चालू आहे. बुधवारी माझ्या गुडघ्याची डॉक्टरांकडे वारी आहे आणि मंगळवारी त्याआधीच्या तपासण्या, बाकी सगळं सुरळीत.

माया आहेच. पत्र येत राहिलं की ती ताजी राहते.

तुझी,
आत्या

ता. क. नऊ नळ्यांना मात्र रंगच नाही, कोऱ्या पांढऱ्या आहेत. मी म्हटलं राहून गेल्या असतील. दादा म्हणाला, माझ्या लेकीचं काही राहून जात नाही. त्या इतक्या चांगल्या असतील की रंगवायची गरजच पडली नसेल. त्यांना तो आपली नऊ शहाणी मुलं म्हणतो. खुर्चीसुद्धा तिकडे सरकवली आहे. पाठ शेकते म्हणे, आणि शिवाय तिथे पोरीने काही खोट काढलेली नाही.


वीजकेंद्र
मंगळवार, ११ फेब्रुवारी, दुपारी ३.४०

बाबा आणि आत्या,

भट्टी विझवा. हे वाचून होईपर्यंत थांबू नका. बाबा, आधी खुर्चीवरून उठा.

माझ्या तक्त्यात पांढरा रंग नाही. त्या नऊ नळ्या लाल आहेत.

तुमच्या कॉम्प्युटरवरचं जुनं सॉफ्टवेअर एका चौकोनाला रंगाच्या तीनच अटी लावू शकतं, म्हणजे इतकी जाडी असेल तर हा रंग, अशा. मी चार लिहिल्या होत्या. ते पहिल्या तीन वाचतं आणि चौथी सोडून देतं. पिवळ्या त्रिकोणाची चौकट हेच सांगत होती. चौथी अट लाल होती.

साहेबांना दाखवण्यासाठी त्यातल्या तीन नळ्यांचे आकडे हाताने लिहिते. नळी ११७: किमान ४.० मि.मी. हवी, आहे १.९. नळी ११८: आहे १.७. नळी १२१: आहे १.४. तक्त्यावर हेच आकडे बारीक अक्षरात छापलेले आहेत. भिंग घेऊन बघा.

तुझं पत्र दोन वाजता पाळण्यातून आलं. २.१० ला मी ऑपरेटरला तुमच्या ऑफिसला फोन लावायला सांगितला. आत्या, तू जागेवर नव्हतीस. साहेबांनी निरोप दिला की कागद भिंतीवर आहे, त्यावर लाल काही नाही, दुसरं काही म्हणणं असेल तर सहीच्या अहवालात येऊ दे. पुन्हा लावला तर उचलला नाही. मी पाळण्यात बसून खाली जाऊ का असं विचारलं. पाळणा चाळीस किलोच पेलतो, मी चोपन्न. पायवाटही दरडीखाली आहे. पाळणा चार वाजता सुटतो. ऑपरेटर हे पत्र संध्याकाळच्या बसच्या कंडक्टरकडे देणार आहे. उद्या सकाळी तो ते आत्याच्या हातात देईल.

बाकी नंतर.

मोजपट्टी


वीजकेंद्र
शुक्रवार, १४ फेब्रुवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

आज पाळणा आला. दूध, दोन खोकी बोल्ट, टपालाची पिशवी. पिशवीत माझ्यासाठी काही नव्हतं. मी ती उलटी करून झटकली, तेव्हा स्वयंपाक्याने विचारलं की काय सांडलं. ऑपरेटरने तीन दिवसांत अकरा वेळा फोन लावला. तुमच्या ऑफिसात आधी कुणी उचलत नव्हतं, कालपासून फोन लागतच नाही. लाइन खराब असेल असं तो म्हणतो. लाइन का खराब झाली असेल, हे मी त्याला विचारलं नाही.

इथे दर दोन तासांनी एक झडप वाफेसारखा आवाज करत हवा सोडते. त्यात वाफ नाही, नुसती हवा असते, हे मला माहीत आहे. तरी प्रत्येक वेळी हातातलं यंत्र खाली ठेवावं लागतं.

काम करताना मी एकच गोष्ट तपासते आहे: लाल चौथा का लिहिला. जुने कॉम्प्युटर अजून वापरात आहेत हे मला ठाऊक होतं. फाइल मी फक्त माझ्याच कॉम्प्युटरवर उघडून पाहिली, ही चूक माझी. पण क्रम? तो कुणी सांगितला नव्हता. लाल पहिला लिहिला असता तर हिरवा किंवा पिवळा गळला असता, आणि कुणाचं काही बिघडलं नसतं.

बाबा, आपल्या घरात वाईट बातमी शेवटी लिहितात. मी हॉस्टेलला होते तेव्हा तुमचं तीन पानी पत्र आलं होतं. परीक्षा, नवा पंखा, शेजारच्यांचं कुत्रं. आई गेल्याचं मला ता. क. मध्ये कळलं. तुमच्यावर राग नाही, तुम्हाला आधी लिहिता आलं नसणार. पण मी तेच शिकले. लाल नऊ आहेत हे मला पहिलं पत्र लिहितानाच माहीत होतं. एका ओळीत लिहिता आलं असतं. तुम्ही काळजी कराल म्हणून लिहिलं नाही, आणि तक्ता सांगेल असं स्वतःला सांगितलं.

तुम्ही हे पत्र वाचावं. एवढंच मागणं आहे.

तुमची,
मोजपट्टी


घरून
गुरुवार, १३ फेब्रुवारी

चि. मोजपट्टीस,
आशीर्वाद.

तुझ्या पत्रात वाईट आधी होतं, म्हणून मीही तसंच लिहितो. मला कालपासून घरी बसवलं आहे. आता पुढचं.

काल सकाळी तुझी आत्या बॉयलरघरात आली. ती तिथे कधी येत नाही, तिला भीती वाटते. डॉक्टरकडे जायचं सोडून, पायात घरातल्याच चपला, हातात पत्र. मला ओरडून काही सांगायचा उपयोग नाही हे तिला माहीत आहे, म्हणून तिने कागद माझ्या नाकासमोर धरला. पहिल्या तीन ओळी वाचल्या आणि उठलो. मग इंधन तोडलं. साहेब धावत आले. ते काय बोलले ते, देवाची कृपा, मला ऐकू आलं नाही. हातवाऱ्यांवरून चांगलं नव्हतं. विचारल्याशिवाय बंद केलं म्हणून घरी पाठवलं.

दाब उतरायला दुपार झाली. माझी पोर चुकली हे दाखवण्यासाठी साहेबांनी आज नळ्यांत दाबाने थंड पाणी भरून चाचणी लावली आणि मला मुद्दाम बघायला बोलावलं. पाण्याचा दाब चढत चाचणीच्या निम्म्यावर पोचला आणि १२१ नंबरची नळी उघडली. बोटभर चीर. पाण्याची धार सरळ खुर्चीवर आली, छातीच्या उंचीला. खुर्ची समोरच्या भिंतीपर्यंत गेली. पाणी थंड होतं. ते वाफेचं असतं तर, हे मी लिहीत नाही. तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

साहेब खुर्चीपाशी गेले. मग त्यांनी स्वतः ती उचलून सरळ केली. पाण्याने ऑफिसकडे जाणारी फोनची तारही तोडली आहे. नळ्या बदलल्या की ये, असं त्यांनी खुणेने सांगितलं.

रंग तू माझ्यासाठी केलेस हे वाचलं होतं. तेव्हा काही लिहिलं नाही. आता लिहितो, मला ते आवडले होते.

आशीर्वाद आहेत, ते झिजत नाहीत.

बाबा


वीजकेंद्र
मंगळवार, ४ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

चौदापैकी तेरा ऑफिसांची उत्तरं आली. एकाचं नाही.

बाबांचं पत्र १८ तारखेला मिळालं. ते हातात येण्याआधीच, १४ ला, मी चौदा पत्रं लिहिली आणि ऑपरेटरकडे चौदा फोन नंबर दिले. तेरा ठिकाणी बोलणं झालं. नऊ ठिकाणी नवं सॉफ्टवेअर होतं, लाल लाल दिसलं. चार ठिकाणी पांढरं होतं. त्यातल्या तिघांनी बॉयलर थांबवला. चौथ्याचा अजून पेटवलाच नव्हता. चौदाव्या ठिकाणी फोन वाजतो आणि कुणी उचलत नाही. त्या तक्त्यात लाल पाच आहेत. आमच्या कंपनीच्या साहेबांनाही कळवलं, तिकडे पाठवायला माणूस नाही म्हणाले.

तू पत्र लिहीत नाहीस. बाबा लिहितात की तू कॉम्प्युटरवरचं कापड काढत नाहीस आणि हाताने लिहून काम भागवतेस. आत्या, त्या चौकटीला हो म्हणणारी तू एकटी नाहीस. चारही ठिकाणी हो म्हटलं गेलं होतं. काहीतरी हरवणार आहे असं ती चौकट सांगते, पण काय हरवणार ते कुणाला समजेल असं सांगत नाही. आणि जे हरवायला नको होतं ते मी तिच्या हाताशी ठेवलं होतं. ऑफिसात गोष्टी हाताने लिहिणारं कुणीतरी असावंच, पण कापड काढ. तुझा तो संसार असा अबोल्यावर सोडू नकोस.

आता तक्त्यात लाल पहिला आहे. चौकोनात रंगाबरोबर बंद हा शब्दही आहे, अक्षरं कुठल्याच कॉम्प्युटरवर गळत नाहीत. फाइल जुन्या पद्धतीने साठवली आहे आणि केंद्राच्या कोठारातल्या सगळ्यात जुन्या कॉम्प्युटरवर उघडून पाहिली आहे. तो सुरू व्हायला नऊ मिनिटं लागली.

रस्ता उद्या उघडतो. पहिल्या गाडीत माझी जागा सांगून ठेवली आहे. मी घरी येत नाही, आधी त्या चौदाव्या ठिकाणी जाते. गाडी, मग बस, मग साडेचार किलोमीटर चालत. तिथलं धुराडं दोन किलोमीटरवरून दिसतं. त्यातून धूर येत असेल तर पळायचं, येत नसेल तरी पळायचं, कारण तो का येत नाही हे लांबून कळत नाही. तिथल्या बॉयलरवाल्याला मी एकदाच भेटले आहे. त्यांचीही खुर्ची होती, पत्र्याची. ती त्यांनी कुठे ठेवली आहे ते मला आठवत नाही.

बाबांना सांग, नव्या नळ्या बसल्या तरी खुर्ची दाराबाहेर.

तिथे पोचले की लिहीन. जे असेल ते पहिल्या ओळीत लिहीन. तोवर तुम्हा दोघांचा लोभ माझ्याबरोबर असू दे.

तुझी,
मोजपट्टी

ता. क. काही नाही. जे होतं ते वर लिहिलं आहे.